घुंगुरकाठी

परवा शाळेच्या शर्यतीसाठी कयाधूकाठच्या वाटेवर मुले सोडली. एका पोराने विचारले, "गुरुजी, पूर्वीही या बाजूला कोणी असे पळत होते का?"

पळत होते तर! बक्षिसासाठी मात्र नव्हे. १८१९ पासून १९०३ पर्यंत हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. छावणी म्हटली की टपाल आले, आणि आगगाडीपूर्वी टपाल म्हणजे हरकाऱ्याचे पाय! खांद्यावर काठी, काठीला थैली आणि घुंगरे. दोन-तीन कोसांचा टप्पा धावून थैली पुढच्या गड्याच्या हाती द्यायची, की तो निघाला. माळावर हे ठीक. पण रानातली चढउताराची वाट, खाली फुगलेली नदी आणि वर रात्र! अशा टप्प्यावर सोबतीला मशालजी देत, कधी ढोल वाजवणाराही. घुंगरांनी जनावर बिचकत असेल. पूर थोडाच बिचकतो?

१९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये आपले फडेप्पा चौगुले मॅरॅथॉन धावले, १९ वे आले. २ तास ५० मिनिटे ही त्यांची वेळ नोंदलेली आहे, आणि ती असायलाच हवी. वेळ हरकाऱ्याच्या टप्प्याचीही लिहीत. पण ती थैलीची. थैली केव्हा आली, केव्हा निघाली. ती आणणाऱ्याचे नाव कोण पुसतो?

"आणि उशीर झाला तर?"

"पगार कापत."

पोरगा काही बोलला नाही. खाली वाकून बुटाची नाडी पुन्हा बांधू लागला.