नारायणगावच्या द्राक्षमद्याची कीर्ती

मालाची कीर्ती ही मिळकत कोणाची समजावयाची? तो विकणाऱ्याची, की पिकविणाऱ्याची? शिरड शहापूरच्या आसपास हळद लावणाऱ्या शेतकऱ्यांस हा प्रश्न परका नाही. त्याचा विचार करू लागलो म्हणजे जुन्नर तालुक्यातील नारायणगावच्या द्राक्षमद्याचा इतिहास आम्हांस विशेष बोधप्रद वाटतो.

दख्खनेस द्राक्षे नवी नव्हेत. चौदाव्या शतकात दौलताबादेस आलेल्या इब्न बतूताने तेथील द्राक्षांचा व डाळिंबांचा उल्लेख करून ठेविला आहे. तथापि त्या फळापासून परदेशच्या पेठेत मान मिळेल अशी वाइन करण्याचा उद्योग शामराव चौगुले यांनी १९८२ साली आरंभिला. 'पायपर-हायडसिक' या फ्रेंच पेढीचे तांत्रिक साहाय्य त्यांनी मिळविले आणि नारायणगावची फेसाळ वाइन 'ओमर खय्याम' या नावाने विलायतेस जाऊ लागली.

ही वाइन उतावळ्याच्या हातून होणारी नव्हे. तयार वाइनमध्ये साखर व किण्व घालून बाटली बंद करावयाची. आत पुन्हा आंबण्याची क्रिया होऊन उत्पन्न झालेला वायू तेथेच कोंडला जातो. मग बाटल्या हळूहळू फिरवीत उलट्या करावयाच्या, म्हणजे गाळ गळ्याशी साचतो. तो गोठवून काढून टाकावयाचा. यात महिनेच्या महिने जातात.

परंतु बाटलीच्या बाबतीत दाखविलेला हा धीर व्यापारात टिकला नाही. परदेशांत मळे व पेढ्या घेण्याचा सपाटा लागला, कर्ज वाढले, आणि २००८ च्या जागतिक मंदीनंतर थोड्याच वर्षांत हा डोलारा कोसळला. द्राक्षबागाइतदारांची देणीही त्यात अडकली. वाइनची द्राक्षे निराळ्या जातीची. ती खावयाच्या द्राक्षांप्रमाणे बाजारात खपत नाहीत. त्यामुळे घेणारा बुडाला की वेल उपटण्यावाचून बागाइतदारास गत्यंतर राहत नाही.

यावरून तो प्रयत्नच व्यर्थ होता असे मात्र आम्ही म्हणणार नाही. महाराष्ट्राच्या मातीत उत्तम वाइन होते, हे नारायणगावने दाखवून दिले. १९९९ साली नाशिकास 'सुला' उभी राहिली, २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, आणि नाशिक ही वाइनची राजधानी म्हणून गाजू लागली. तात्पर्य, कीर्ती पेढीबरोबर बुडाली नाही. बुडाली ती पिकविणाऱ्याची रक्कम. म्हणून कीर्तीत ज्याचे श्रम आहेत, त्याचा वाटा करारात आधी लिहिला जावा, इतकेच आमचे मागणे आहे.