थंडीतले पिस्तूल आणि मैदानातली नस्ती

प्रशासनाच्या इतिहासात मोठमोठ्या निर्णयांची नोंद होते. परंतु माणसांचे प्राण पुष्कळदा अगदी क्षुल्लक वस्तूंवर अवलंबून असतात. अशाच एका वस्तूविषयी आज लिहावयाचे आहे. ती वस्तू म्हणजे शस्त्राला लावायचे तेल.

मसुरीच्या अकादमीतील प्रशिक्षणकाळात आम्हा परिवीक्षाधीन अधिकाऱ्यांना काही दिवस सैन्याच्या तुकडीबरोबर राहण्यासाठी पाठविण्यात आले होते. हिमालयातील एका उंच चौकीवर मी पोहोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. चौकीच्या अधिकाऱ्याने बंकरमध्ये शिरण्यापूर्वी कमरेचे पिस्तूल काढले आणि बाहेरच्या आडोशात, पहारेकऱ्याच्या नजरेखाली ठेवले. गारठलेले शस्त्र उबेत का नेत नाहीत, असे मी विचारले. तेव्हा तेथील वयस्क हवालदार म्हणाला, "साहब, इसको गरमी दिखाओगे तो यह रोएगा, और बाहर जाकर जम जाएगा."

या वाक्यातले विज्ञान मला पुढे उमगले. थंडगार लोखंड उबदार, दमट हवेत आणले की त्यावर दव साचते. तेच शस्त्र पुन्हा बाहेर नेले की त्या दवाचे बर्फ होते. अर्धस्वयंचलित पिस्तुलात हा धोका अधिक असतो. रिव्हॉल्व्हरचे चक्र बोटाच्या जोराने फिरते. पिस्तूल मात्र स्वतःच्याच शक्तीवर चालते. गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्याने स्लाइड मागे सरकते, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना स्लाइड मॅगझिनमधले पुढचे काडतूस नळीत भरते. ही शक्ती मोजकीच असते. कडाक्याच्या थंडीत साधे तेल मधासारखे घट्ट होते आणि काडतुसातील दारूही काहीशी मंद जळते. मग स्लाइड अर्ध्यावर अडते, नाहीतर फायरिंग पिनचा आघात दुबळा पडून गोळी सुटतच नाही. म्हणजे मैदानात ज्या तेलाने शस्त्र चालते, त्याच तेलाने ते पहाडात अडते.

ज्यांच्या दारी बर्फ होते त्यांनी हे आधीच ओळखले होते. फिनलंडने १९३५ साली ऐमो लाहती यांनी रचलेले एल-३५ पिस्तूल स्वीकारले. त्यात मागे सरकणाऱ्या भागाला जादा वेग देणारी एक खास तरफ बसविलेली होती; थंडीने मंदावलेली यंत्रणा अडू नये हा तिचा हेतू. ३० नोव्हेंबर १९३९ ते १३ मार्च १९४० या काळातील सोव्हिएत आक्रमणाच्या वेळी पारा शून्याखाली ४० अंशांपर्यंत उतरला. आपल्या हवामानाचा विचार आधी करून ठेवणे म्हणजे काय, ते फिनलंडने जगाला दाखविले. उलट, १९४१ च्या हिवाळ्यात रशियात शिरलेल्या जर्मन सैन्याची शस्त्रे वंगण गोठल्यामुळे अडू लागली आणि सैनिकांना ते पुसून काढावे लागले. १९५० च्या अखेरीस कोरियातील चोसिन जलाशयाजवळच्या लढाईत अमेरिकनांच्या एम-१ कार्बाइनविषयी हीच तक्रार झाली.

आपल्याकडे १९६२ साली काय घडले? त्या युद्धात आपले बहुतेक जवान हाताने बोल्ट ओढायच्या ०.३०३ रायफली घेऊन लढले. पराभवाची कारणे अनेक होती आणि तेल हे त्यांतले कारण नव्हे. परंतु त्या युद्धानंतर संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी चौकशीच्या निष्कर्षांविषयी संसदेत जे निवेदन केले, त्यातील एक मुद्दा प्रत्येक अधिकाऱ्याने ध्यानात ठेवावा असा आहे. साधनसामग्रीची एकंदर टंचाई होतीच. पण वस्तू देशात कोठेच नव्हती असे प्रत्येक वेळी नव्हते. मैदानातील शेवटच्या टोकापर्यंत ती पोहोचविता येत होती. तेथून विमानाने, जनावरांच्या वा माणसांच्या पाठीवरून ती आघाडीवर वेळेत पोहोचविणे हीच खरी अडचण होती.

हा मुद्दा मी वाचला होता, आणि तरीही चुकलो.

पुढे एका डोंगरी राज्याच्या गृह विभागात असताना उंचावरील पोलीस चौक्यांसाठी थंडीत न गोठणाऱ्या पातळ तेलाची मागणी माझ्या मेजावर आली. रक्कम नगण्य होती. खालून टिप्पणी आली की सर्व शस्त्रागारांसाठी एकच तेल मंजूर असल्याने वेगळ्या तेलाचे औचित्य स्पष्ट करावे. टिप्पणी नियमाला धरून होती. मी सही केली. औचित्याचे उत्तर परत येईपर्यंत खिंड बंद झाली होती. त्या हिवाळ्यात गोळीबाराच्या सरावात पिस्तुले एकामागून एक अडल्याचा निरोप वरून आला. सराव होता म्हणून निभावले. हवालदाराचे ते वाक्य मला त्या रात्री आठवले. सही करताना आठवले नव्हते.

नंतर आम्ही एक लहानसे परिपत्रक काढले. खिंड बंद होण्यापूर्वी जुने वंगण पूर्ण काढावे. कमी तापमानाच्या तेलाचा केवळ पुसट थर द्यावा. फायरिंग पिनची जागा आणि मॅगझिन कोरडे ठेवावे. शस्त्र उबेत आणलेच, तर पूर्ण सुकविल्याखेरीज बाहेर नेऊ नये. मॅगझिन काढून व नळी रिकामी असल्याची खात्री करून स्लाइड रोज चालवून पाहावी. जाड हातमोज्यातून घोडा ओढता येतो का, हेही तपासावे. यात नवीन काहीच नव्हते. चौकीवरच्या माणसाला हे सारे ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते कागदाला.

एकच नियम सर्वांना लागू करणे म्हणजे समानता, अशी आपली समजूत असते. पण राजस्थानच्या वाळूत आणि लडाखच्या बर्फात एकाच डब्यातले तेल वाटणे ही समानता नव्हे. तो निव्वळ विचाराचा आळस होय. नस्तीवर 'औचित्य स्पष्ट करावे' असे लिहिण्यापूर्वी, खिंड केव्हा बंद होते एवढे तरी आपण विचारावे.