दुसऱ्या पसंतीचा इतिहास

निवडणुकीचा इतिहास बहुधा जिंकणाऱ्याचा इतिहास म्हणून लिहिला जातो. हरलेला उमेदवार एखाद्या वाक्यात उरतो आणि तिसऱ्या क्रमांकावरचा तळटीपेत जातो. परंतु जेथे राष्ट्रप्रमुखाची निवड जनता थेट करीत नाही, निर्वाचक करतात, तेथे कधी कधी या तळटीपेतल्या माणसावरच सारे अवलंबून राहते. निर्वाचकांनी मते दिली आणि कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पुढे काय? अमेरिका आणि भारत या दोन प्रजासत्ताकांच्या संविधानांनी या प्रश्नाची अगदी भिन्न उत्तरे दिली आहेत. त्यांपैकी प्रत्येकाचा एक प्रसंग आम्ही येथे शेजारी ठेवून पाहणार आहोत.

अमेरिकेत प्रत्येक राज्याला काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांतील त्याच्या सदस्यसंख्येइतके निर्वाचक मिळतात. ते आपापल्या राज्यात जमून मते देतात. १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीपासून राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांच्यासाठी ते स्वतंत्र मत देतात. राष्ट्राध्यक्षपदासाठी कोणालाच बहुमत नसेल, तर पहिल्या तिघांमधून एकाची निवड प्रतिनिधिगृह करते. तेथे राज्य लहान असो वा मोठे, त्याला एकच मत असते. १८२४ च्या निवडणुकीत २६१ निर्वाचकांपैकी १३१ मते आवश्यक होती. अँड्र्यू जॅक्सन यांना ९९, जॉन क्विन्सी ॲडम्स यांना ८४, विल्यम क्रॉफर्ड यांना ४१ आणि हेन्री क्ले यांना ३७ मते पडली. चौथे क्ले नियमानुसार बाद झाले. परंतु ज्या सभागृहाकडे आता निर्णय गेला, त्याचे अध्यक्ष स्वतः क्लेच होते. त्यांनी आपले वजन ॲडम्स यांच्या पारड्यात टाकले. ९ फेब्रुवारी १८२५ रोजी पहिल्याच फेरीत २४ पैकी १३ राज्ये ॲडम्स यांच्या बाजूने गेली. केंटकी हे क्ले यांचे राज्य. जॅक्सन यांना मत द्यावे, असे तेथील विधिमंडळाने आपल्या प्रतिनिधींना कळवले होते; तरीही बहुसंख्य प्रतिनिधींनी ॲडम्स यांची निवड केली. पुढे ॲडम्स यांनी क्ले यांना परराष्ट्रमंत्री नेमले आणि ‘भ्रष्ट सौद्या’ची आरोळी उठली. ती १८२८ मध्ये जॅक्सन विजयी होईपर्यंत शमली नाही.

सौदा खरोखर झाला होता काय, हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवतो. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते हे की, संविधानाच्या शब्दांनी तशी जागा करून ठेवली होती. मते मोजली गेली आहेत, पण निर्णय झालेला नाही, असा एक अवकाश तेथे निर्माण होतो आणि त्या अवकाशात मतदाराच्या वतीने दुसराच कोणीतरी बोलतो.

भारताच्या संविधानाने हा अवकाशच ठेवलेला नाही. अनुच्छेद ५४ नुसार संसदेच्या दोन्ही सभागृहांचे आणि राज्यांच्या विधानसभांचे निर्वाचित सदस्य मिळून निर्वाचकगण होतो. आमदाराच्या मताचे मूल्य त्याच्या राज्याच्या लोकसंख्येवरून ठरते. सर्व आमदारांच्या मतमूल्याची बेरीज खासदारांमध्ये सारखी वाटली की खासदाराचे मतमूल्य मिळते. मतदान गुप्त असते आणि मतदार उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो. अनुच्छेद ५५ या पद्धतीला ‘प्रमाणशीर प्रतिनिधित्व’ म्हणतो. वस्तुतः पद एकच, तेव्हा त्यात प्रमाण ते कसले? नाव फसवे असले तरी यंत्रणा स्वच्छ आहे. वैध मतमूल्याच्या निम्म्याहून अधिक कोणालाच नसेल, तर सर्वांत कमी मते असलेला बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका त्यांवरील पुढच्या पसंतीनुसार इतरांकडे जातात. पेच सोडवण्यासाठी दुसऱ्या सभागृहाकडे जावे लागत नाही; त्याच मतपत्रिकेकडे परत यावे लागते.

या यंत्रणेची कसोटी १९६९ मध्ये लागली. ३ मे रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले. जुलैमध्ये बंगळूर येथे काँग्रेसच्या संसदीय मंडळाने इंदिरा गांधींच्या मनाविरुद्ध नीलम संजीव रेड्डी यांना उमेदवारी दिली. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी राजीनामा देऊन अपक्ष म्हणून उभे राहिले. तिसरे उमेदवार चिंतामणराव देशमुख. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळ सोडणारे अर्थमंत्री म्हणून आणि ‘मेघदूता’चे अनुवादक म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतो. त्यांना स्वतंत्र पक्षाचा आणि जनसंघाचा पाठिंबा होता. या पक्षांची दुसरी पसंती रेड्डींना मिळावी म्हणून काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी त्यांच्या नेत्यांशी बोलणी केली. इंदिरा गांधींनी रेड्डींसाठी पक्षादेश काढण्यास नकार दिला आणि सदसद्विवेकबुद्धीनुसार मतदानाचा पुरस्कार केला.

मतमोजणी २० ऑगस्टला झाली. एकूण वैध मतमूल्य ८,३६,३३७. विजयासाठी हवे होते ४,१८,१६९. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मिळाले. उरलेले इतर सात जणांत विखुरले होते. बहुमत कोणालाच नव्हते. मग खालून एकेक उमेदवार बाद होत गेला आणि शेवटी देशमुखांची पाळी आली. बाद झालेल्या सर्वांच्या मतांपैकी ९१,८७९ रेड्डींकडे गेली, १८,५६२ गिरींकडे. अखेरचा हिशेब गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ असा झाला. खासदाराच्या मताचे मूल्य तेव्हा ५७६ होते. म्हणजे गिरींनी कोटा ओलांडला तो चार खासदारांच्या मतांपेक्षाही कमी फरकाने. ती १८,५६२ मते मिळाली नसती, तर रेड्डी ३,९१२ ने पुढे गेले असते.

हे आकडे नीट पाहिले की निजलिंगप्पांची बोलणी वाया गेली नव्हती, हे ध्यानात येते. दुसरी पसंती फार मोठ्या प्रमाणात ठरल्याप्रमाणेच पडली. म्हणून भारतीय पद्धतीने सौदा अशक्य केला, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तिने सौद्याची वेळ बदलली. वॉशिंग्टनमध्ये तो मतदानानंतर करता येत होता. दिल्लीत तो मतदानाआधीच करावा लागला. हा फरक लहान नाही. क्ले यांना कोणाचे किती बळ आहे हे ठाऊक असताना निर्णय घेता आला. देशमुखांच्या समर्थकांना मात्र आकडे अज्ञात असताना, पडद्याआड, एकट्याने ‘२’ हा अंक लिहावा लागला. देशमुखांनाही नंतर त्यात काही बदलता येणार नव्हते. नेत्यांचा शब्द मतपेटीपर्यंत पोहोचतो, मतपेटीच्या आत पोहोचत नाही.

त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये काँग्रेस दुभंगली. त्यानंतर राष्ट्रपतीच्या कोणत्याही निवडणुकीत दुसरी पसंती मोजण्याची वेळ आली नाही. अमेरिकेतही १८२५ नंतर राष्ट्राध्यक्षाची निवड प्रतिनिधिगृहाकडे गेलेली नाही. दोन्ही तरतुदी आज निद्रिस्त असल्या तरी जिवंत आहेत. दुसरी पसंती आपण तडजोड म्हणून हिणवतो. आम्हांला ती मतदाराच्या विचाराची खरी परीक्षा वाटते. आपला माणूस हरला तर कोण चालेल, हे त्याने स्वतः ठरवले नाही, तर त्याच्यासाठी ते दुसरा कोणीतरी ठरवतो.