संदर्भसेवा, त्वचारोग (तेर, जि. धाराशिव)

गावपातळीवरील डॉक्टरांनी त्वचेचा आजार असलेल्या रुग्णाला लेखी चिठ्ठी देऊन मोठ्या रुग्णालयाच्या त्वचारोग बाह्यरुग्ण विभागात पाठवणे, म्हणजे त्वचारोग संदर्भसेवा. बोलण्यात याला 'रेफर करणे' किंवा 'चिठ्ठी देऊन पाठवणे' म्हणतात. कोणता आजार गावातच बरा होईल, कोणता तज्ज्ञांना दाखवावा आणि कोणत्या आजारात एक दिवसही दवडू नये, याची पारख हा या सेवेचा गाभा आहे.

स्थान व व्यवस्था : तेरणा नदीकाठचे तेर (प्राचीन तगर) हे संत गोरोबाकाकांचे गाव धाराशिव तालुक्यात आहे. गावात ग्रामीण रुग्णालय आहे. राज्यातील ग्रामीण रुग्णालय साधारणपणे 30 खाटांचे असते. त्याच्या मंजूर पदांत त्वचारोगतज्ज्ञ सहसा नसतो. त्वचेचे रुग्ण वैद्यकीय अधिकारीच तपासतात. पुढचा टप्पा धाराशिवचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. ते 2022-23 या शैक्षणिक वर्षात 100 जागांनी सुरू झाले. त्यापलीकडे लातूर, सोलापूर आणि अंबाजोगाई येथील जुनी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार 15 ऑगस्ट 2023 पासून निःशुल्क आहेत. तरी मजुरी करणाऱ्या माणसाला जिल्ह्याची खेप म्हणजे एक रोज बुडणे आणि एसटीचे भाडे, बहुधा सोबतच्या माणसाचेही. म्हणून विनाकारण पाठवणे हा रुग्णावर अन्याय आहे. वेळेवर न पाठवणे हा त्याहून मोठा.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात त्वचेच्या रुग्णाला शोधून उपचारापर्यंत आणण्याची शिस्त कुष्ठरोगाच्या कामातून घडली. वर्ध्यात 1951 साली स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने सर्वेक्षण, शिक्षण व उपचार अशी पद्धत रुजवली. रुग्ण दवाखान्यात येईल याची वाट न पाहता कार्यकर्ता घरोघरी जाऊ लागला. राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम 1955 मध्ये सुरू झाला, तर 1980च्या दशकात बहुविध औषधोपचार आले. आज हेच घरोघरचे काम आशा कार्यकर्ती करते. तेर परिसरातील कित्येक रुग्णांची पहिली पायरी तिचीच असते.

गावातच बरे होणारे आजार : खरजेसाठी 5 टक्के परमेथ्रिन मलम मानेपासून तळपायापर्यंत रात्रभर लावायचे आणि आठवड्याने पुन्हा लावायचे असते. घरातल्या सर्वांनी, खाज नसली तरी, एकाच दिवशी लावले नाही तर खरूज घरात फिरत राहते. त्यासाठी जिल्ह्याला जाण्याचे कारण नाही. गजकर्णही पूर्वी साध्या मलमाने बरे होई. अलीकडे मात्र दुकानातून स्वतःहून आणलेल्या, स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी ते हट्टी झाले आहे. या मलमाने खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी पसरत जाते, चट्ट्याचे रूप बदलते आणि निदान अवघड होते. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. महिनाभर योग्य औषध घेऊनही न हटणारे गजकर्ण तज्ज्ञांकडे पाठवावे. गाजर गवत 1955च्या सुमारास पुण्यात प्रथम लक्षात आले आणि पुढे राज्यभर पसरले. त्याच्या संपर्काने शेतकऱ्याच्या चेहरा, मान व हातांवर येणारा दीर्घकाळचा इसबही संदर्भाचा विषय आहे.

बधिर चट्टा : फिकट किंवा लालसर चट्टा दिसला की कापूस किंवा बॉलपेनचे टोक टेकवून, रुग्णाचे डोळे मिटवून, स्पर्शज्ञान तपासावे. कोडाच्या पांढऱ्या डागावर स्पर्श कळतो, कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर तो कमी होतो किंवा कळतच नाही. एक ते पाच चट्टे असल्यास साधारणतः सहा महिने, त्याहून अधिक असल्यास वर्षभर उपचार असतो. औषध मोफत असून स्थानिक आरोग्य केंद्रातूनच मिळते. तज्ज्ञांकडे पाठवायचे ते निदानाची शंका असल्यास, किंवा चट्टे अचानक सुजणे, कोपरामागची नस दुखणे, बोटांची ताकद कमी होणे, पापणी न मिटणे अशी लक्षणे दिसल्यास. ही लेप्रा रिअॅक्शनची (कुष्ठरोगात अचानक उसळणाऱ्या दाहाची) किंवा नसेच्या इजेची चिन्हे असतात. अशी इजा सहा महिन्यांच्या आतली असेल, तर उपचाराने ती भरून येण्याची आशा असते. उशीर झाला तर बोटे कायमची वाकडी होतात.

तातडीचे रुग्ण : नवे औषध सुरू केल्यावर ताप, तोंडात व डोळ्यांत फोड आणि कातडी सोलणे, अंगभर मोठे फोड येऊन जखमा होणे, जवळजवळ संपूर्ण त्वचा लाल होऊन थंडी वाजणे. अशा रुग्णांना ओपीडीच्या वाराची वाट पाहायला लावू नये. संशयित औषध बंद करून 108 रुग्णवाहिकेने थेट अपघात विभागात पाठवावे.

चिठ्ठी : नुसते 'त्वचारोग, पुढील उपचारार्थ' एवढेच लिहिलेली चिठ्ठी तज्ज्ञांच्या उपयोगाची नसते. आजार कधीपासून आहे, कुठून सुरू झाला, घरात आणखी कोणाला आहे, स्पर्शज्ञान तपासले का, साखर व गरोदरपण यांची नोंद, आणि मुख्य म्हणजे आतापर्यंत काय काय लावले व खाल्ले, हे तीत हवे. मलमाची रिकामी ट्यूब सोबत न्यायला सांगावी, कारण नाव आठवत नाही तेव्हा ती ट्यूबच बोलते. ओपीडीचा वार फोनवर विचारून चिठ्ठीवर लिहिला तर फेरा वाचतो. साध्या शंकांसाठी ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यक सेवेतून सल्ला घेता येतो. मात्र फोटोवरून चट्टा दिसतो, बधिरपणा दिसत नाही.

परतचिठ्ठी : तज्ज्ञांनी निदान, औषधाचा कालावधी आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहून रुग्ण परत पाठवला, तरच संदर्भ पूर्ण होतो. सोरायसिस, कोड, कुष्ठरोग हे महिनोन्महिने औषध मागणारे आजार आहेत. ते औषध तेरमध्येच मिळाले, तर रुग्ण ते मध्येच सोडत नाही. परत न आलेल्या रुग्णाच्या घरी आशाताईंनी जाऊन यावे. चिठ्ठी घेऊन गेलेला माणूस ओपीडीपर्यंत पोहोचला का, हे त्याच्या दारातच कळते.