पावसाळी मुलखात घरगुती तंबोरा निवडताना

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत भजनी मंडळांची परंपरा जुनी असल्याने पखवाज, पेटी आणि टाळ ही वाद्ये गावोगावी आढळतात. तंबोरा मात्र क्वचितच दिसतो. शास्त्रीय गायनाच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढू लागली, की एखाद्या घरी तो येतो. आणि पुष्कळदा दोन-तीन पावसाळ्यांतच त्याच्या खुंट्या अडकतात, तारा गंजतात, भोपळ्यावर बुरशी धरते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यामुळे येथे तंबोरा निवडताना तो किती रुपयांना मिळतो, याइतकेच तो दमट हवेत किती टिकेल, हेही पाहावे लागते.

महाराष्ट्रात तंबोऱ्याचे नाव काढले की मिरज आठवते. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला आणि पुढे तो व्यवसाय त्या गावाची ओळख बनला. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. वाद्यासाठी लागणारा कडू भोपळा प्रामुख्याने पंढरपूर-मंगळवेढा परिसरातून येतो. वारीला जाणाऱ्या कर्जतकरांना ही गोष्ट फारशी ठाऊक नसते. भोपळा पूर्ण वाळल्यावरच तो कापून वापरतात. दांडी आणि तबली यांसाठी बहुधा तून लाकूड घेतात. भोपळा असो वा लाकूड, दोन्ही पुरते मुरलेले असले तरच वाद्य दमट हवेत तग धरते. घाईने तयार केलेला तंबोरा दुकानात उत्तम वाजतो. त्याची परीक्षा होते ती आषाढात.

आकाराची निवड गळ्यावरून करावी. पांढरी एक ते काळी दोन या पट्टीत गाणाऱ्या पुरुषांसाठी साधारण पाच फुटांचा, मोठ्या भोपळ्याचा तंबोरा लागतो. काळी चार-पाचच्या पट्टीतील स्त्रियांसाठी त्याहून लहान वाद्य पुरते. मोठा तंबोरा अधिक घुमतो म्हणून स्त्रीगायिकेने तो घेऊन त्यावर तारा चढवून ताणणे हा व्यर्थ खटाटोप होय. तारा तुटतात, तबलीवर ताण येतो. आवाज फुटण्याच्या वयातील मुलासाठी तूर्त लहान वाद्य घेऊन पट्टी स्थिरावल्यावर मोठे घेणे शहाणपणाचे.

नक्षीकाम व रंगीत पट्ट्या यांनी किंमत वाढते, नाद वाढत नाही. म्हणून मर्यादित रक्कम असणाऱ्याने साध्या वाद्याकडे वळावे आणि वाचलेले पैसे चांगल्या जवारीवर खर्च करावेत. घोडीच्या पृष्ठभागाला दिलेला अत्यंत मंद उतार म्हणजे जवारी. तार त्यावर हलकेच घासत राहते, तिच्याखाली सुताचा दोरा योग्य जागी सरकवला की तोच नाद शतगुणी झाल्यासारखा भासतो. हस्तिदंत व सांबरशिंग यांच्या घोड्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता विकत घेता येत नाहीत. शिसवी लाकडाची घोडी घरगुती रियाजाला पुरेशी असते.

पाहणी करताना दांडीच्या टोकाशी डोळा लावून ती सरळ आहे का, हे प्रथम पाहावे. भोपळा आणि दांडी यांचा सांधा, म्हणजे गळा, बोटाने चाचपावा. घोडीखालची तबली खचलेली नसावी. भोपळ्यावर टिचकी मारल्यास बद्द आवाज आला, तर आत तडा असण्याची शक्यता असते. जुना तंबोरा घेण्यास हरकत नाही, किंबहुना मुरलेले लाकूड हा त्याचा गुणच आहे. परंतु तडकलेला भोपळा कारागीर सांधू शकतो. वाकलेली दांडी सरळ करणे मात्र खर्चाचे आणि बहुधा निष्फळ काम असते.

ज्यांना ही निगा जमणार नाही, त्यांच्यासाठी लाकडी पेटीचा सपाट तंबोरा हा पर्याय आहे. त्याला भोपळा नसल्याने लोकलच्या गर्दीतही तो नेता येतो. नाद मात्र उथळ. बंगळुरूचे जी. राज नारायण यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस विद्युत तंबोरा आणला, त्यालाही आता मोबाइलवरील तंबोऱ्याने मागे टाकले आहे. सूर धरण्यापुरती ही सोय पुष्कळ झाली. तथापि तारा स्वतः लावून पंचम-षड्जाची जुळणी ऐकण्याचा सराव यंत्रातून होत नाही, आणि गाणे शिकणाऱ्याचा कान मुख्यत्वे तेथेच तयार होतो.

मिरजेहून वाद्य आणताना तारा थोड्या सैल कराव्यात, पण पूर्ण उतरवू नयेत. घरी पश्चिमेच्या, पावसाचा मार खाणाऱ्या भिंतीला ते टेकवू नये. प्लास्टिकचे आच्छादन ओल कोंडून ठेवते, सुती खोळच बरी. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात. घामट बोटांनी पोलादी तार आठवड्यात काळी पडते. खुंटी फुगून अडकली तर ती पिळू नये, बाहेर काढून खडू लावावा. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की खुंट्या पुन्हा सैल पडतात. तेव्हा त्या तपासून जाणकाराकडून जवारीही काढून घ्यावी.