पापनिवेदन

पापनिवेदन : रोमन कॅथलिक पंथातील सात संस्कारांपैकी एक. बाप्तिस्म्यानंतर घडलेली पापे पश्चात्तापपूर्वक धर्मगुरूपुढे सांगून देवाची क्षमा मिळवणे, हे त्याचे स्वरूप. यालाच प्रायश्चित्ताचा किंवा समेटाचा संस्कार असेही म्हणतात. गोव्यातील कोंकणीभाषक कॅथलिकांचा रूढ शब्द ‘कुमसार’. तो पोर्तुगीज ‘कोन्फेसार’ (कबूल करणे) या क्रियापदावरून आला आहे.

आधार व इतिहास : पुनरुत्थित येशूने शिष्यांना पापक्षमेचा अधिकार दिल्याचा उल्लेख योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय 20) आहे. चर्च या संस्काराचा उगम तेथे मानते. आरंभीच्या शतकांत खून, व्यभिचार, धर्मत्याग यांसारख्या घोर पापांसाठी बिशपच्या देखरेखीखाली दीर्घ व जाहीर प्रायश्चित्त करावे लागे आणि ही संधी आयुष्यात सहसा एकदाच मिळे. खाजगी आणि पुन:पुन्हा करता येणारे पापनिवेदन सहाव्या-सातव्या शतकांत आयरिश मठवासीयांनी युरोपात रुजवले. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून किमान एकदा पापनिवेदन बंधनकारक केले. ट्रेंट परिषदेने 1551 मध्ये या संस्काराची शिकवण सविस्तर मांडली. 1973 च्या सुधारित विधीत शास्त्रवाचनाला स्थान मिळाले. आज पापनिवेदक जाळीआड राहून किंवा धर्मगुरूसमोर बसून बोलू शकतो.

घटक : पश्चात्ताप, कबुली व प्रायश्चित्त ही पापनिवेदकाची कृत्ये, पापमुक्तीचे वचन उच्चारणे हे धर्मगुरूचे. यांत पश्चात्ताप पहिला. तो नसेल, तर कबुली कितीही तपशीलवार असली तरी व्यर्थ ठरते. देवावरील प्रेमातून आलेला पश्चात्ताप पूर्ण मानला जातो; शिक्षेच्या भीतीतून किंवा पापाच्या किळसेतून आलेला अपूर्ण असला, तरी या संस्कारासाठी पुरेसा असतो.

पूर्वतयारी : प्रथम प्रार्थना, मग विवेकपरीक्षण. त्यासाठी दहा आज्ञा, येशूचे डोंगरावरील प्रवचन किंवा आपल्या जबाबदाऱ्या (आईबाप, जोडीदार, मालक, कामगार म्हणून) यांची कसोटी लावतात. काय केले याबरोबरच काय करायचे राहून गेले, हेही पाहायचे असते. गंभीर विषय, पूर्ण जाणीव आणि स्वेच्छेची संमती या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तर ते मरणप्राय पाप. अशा प्रत्येक पापाचा प्रकार व आठवेल तितकी संख्या सांगणे आवश्यक असते. किरकोळ पापे सांगणे सक्तीचे नाही, पण हितकारक मानले जाते. परीक्षणानंतर पुन्हा तसे न करण्याचा निश्चय करायचा. चोरलेली वस्तू परत करणे, खोट्या आरोपाने झालेली बदनामी दूर करणे, हेही शक्य तेथे कर्तव्यच ठरते.

विधी : क्रुसाची खूण करून मागील पापनिवेदनाला किती काळ लोटला, ते सांगतात. नंतर पापे थोडक्यात व स्पष्ट सांगावीत. इतरांची नावे वा दोष सांगण्याचे कारण नसते. धर्मगुरू उपदेश करून प्रार्थना, दान किंवा सेवा असे प्रायश्चित्त नेमून देतो. पापनिवेदकाने पश्चात्तापाची प्रार्थना म्हटल्यावर तो पापमुक्तीचे वचन उच्चारतो. एखादे गंभीर पाप खरोखरच विसरले असेल, तर त्याचीही क्षमा झालेली असते. आठवल्यावर पुढील वेळी ते सांगावे. जाणूनबुजून लपवले, तर मात्र संस्कार अवैध ठरतो.

गोपनीयता : ऐकलेले पाप धर्मगुरूने कोणत्याही कारणास्तव उघड करता कामा नये. थेट भंग करणारा धर्मगुरू आपोआप बहिष्कृत होतो. प्रागचे संत जॉन नेपोमुक (मृत्यू 1393) यांना राणीचे पापनिवेदन गुप्त राखल्याबद्दल नदीत बुडवण्यात आले, अशी परंपरा आहे. 1729 मध्ये त्यांना संतपद मिळाले.

महत्त्व : गंभीर पापाची जाणीव असलेल्याने सामान्यतः ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी पापनिवेदन करावे, असा नियम आहे. लहान मुले समजत्या वयात, साधारण सातव्या वर्षाच्या सुमारास, प्रथम ख्रिस्तप्रसादापूर्वी हा संस्कार घेतात. पापनिवेदन ही चौकशी नाही आणि धर्मगुरू हा पोलीस नाही. दुरावलेल्या लेकराने घरी परतावे, तसे देवाकडे परतणे हा त्याचा गाभा आहे. म्हणून बऱ्याच वर्षांनी येणाऱ्याने शब्द आठवत नाहीत म्हणून मागे फिरू नये. तसे धर्मगुरूला सांगितले, की पुढची वाट तो दाखवतो.