दुकानातला दिवा मालवायचा कोणी?

क्रॉफर्ड मार्केटमध्ये 1882 साली विजेचे दिवे लागले, पण फार दिवस टिकले नाहीत. ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीने मुंबई महापालिकेशी तसा करार केला होता. पुढच्याच वर्षी कंपनीचं दिवाळं वाजलं आणि मंडई मुकाट्याने गॅसच्या दिव्यांवर परत आली. देशात विजेने उजळलेली पहिली इमारत म्हणून या मंडईचं नाव अजून कौतुकाने घेतात. गॅसवर परत जाण्याची हकीकत कौतुकात बसत नाही, म्हणून ती सहसा गाळली जाते. विजेची बचत हा विषय निघाला की मला मात्र तीच आठवते. गॅसच्या दिव्याला तोटी असते. गिऱ्हाईक नसेल तेव्हा ज्योत बारीक करावी, आलं की मोठी करावी, हे तिला सहज जमायचं. विजेला ते स्वस्तात आणि धडपणे जमायला पुढची पाऊणशे वर्षं लागली.

गॅसचे तोटेही होते. तो तापायचा आणि काजळी धरायचा. म्हणून एकोणिसाव्या शतकात लंडनचे कितीतरी दुकानदार शोकेसचे दिवे काचेच्या बाहेर, फुटपाथच्या बाजूला टांगत आणि परावर्तक लावून उजेड आत फेकत. दिवा रस्त्यावर, उजेड मालावर. घरात दिवा माणसासाठी लागतो, दुकानात तो मालासाठी लागतो, हे तेव्हापासूनच ठरून गेलं. दुकानातला दिवा मंद करण्याच्या किंवा मालवण्याच्या पुढच्या प्रत्येक युक्तीची गाठ या एका गोष्टीशी पडली आहे. दुकानदाराच्या हिशेबात दिवा हा खर्च नसतोच. तो बिनपगारी विक्रेता असतो, आणि विक्रेत्याला कोणी लवकर घरी पाठवत नाही.

फिलाडेल्फियाच्या जॉन वॉनामेकर यांनी हे फार लवकर ओळखलं. 26 डिसेंबर 1878 रोजी त्यांच्या भल्याथोरल्या दुकानात चार्ल्स ब्रश यांचे आर्क दिवे लागले. दोन कोळशांच्या टोकांमध्ये ठिणगी धरून ठेवायची, असा तो कारभार. उजेड झगझगीत, पण त्याला मधली पायरी नव्हती. डायनॅमो फिरला की लख्ख, थांबला की काळोख.

एडिसनने 4 सप्टेंबर 1882 रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केलं आणि गॅससारखी वीजही मोजून मिळू लागली. त्याचा पहिला मीटर रासायनिक होता. एका बरणीत जस्ताच्या पट्ट्या, वीज वाहील तसं एका पट्टीवरचं जस्त दुसरीवर जाऊन बसायचं. ठरावीक मुदतीने कंपनीचा माणूस यायचा, पट्ट्या काढून न्यायचा आणि वजनातल्या फरकावरून बिल निघायचं. आपल्या दारात मीटर वाचायला येणाऱ्या माणसाचे हे तराजूवाले पूर्वज.

पण मोजून मिळणारी वीज बंद करणंही सोपं नव्हतं. सुरुवातीच्या स्विचमध्ये संपर्क सावकाश सुटे, तेवढ्यात ठिणगी पडे आणि धातू जळे. न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी 1884 साली स्प्रिंगचा, झटक्यात तुटणारा स्विच काढला. बटण दाबल्यावर जो 'टक्' आवाज येतो तो तिथला. बचतीच्या साधनांची यादी करायची तर मी सेन्सरच्या आधी हा स्विच लिहीन. तो सुरक्षित झाला नसता तर दिवे पेटते ठेवणंच शहाणपणाचं ठरलं असतं.

मालवणं हाताशी आलं, तरी मालवावंसं कोणाला वाटत नव्हतं. गॉर्डन सेल्फ्रिज शिकागोच्या मार्शल फील्ड या दुकानात तयार झालेले. मार्च 1909 मध्ये त्यांनी लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आपलं दुकान उघडलं आणि शटर पडल्यावरही शोकेस मध्यरात्रीपर्यंत उजळत्या ठेवल्या. नाटक सुटल्यावर घरी जाणाऱ्यांनी काचेपाशी थबकावं आणि दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन जावं. मग प्रश्न आला, की दुकान वाढवल्यावर बारा वाजता दिवे बंद करायला थांबायचं कोणी?

उत्तर घड्याळात होतं. रस्त्यावरचे गॅसचे दिवे वेळेवर लावणारी आणि मालवणारी चावीची घड्याळं इंग्लंडात तोवर रुळत होती. बाथ शहरातल्या हॉर्स्टमन कंपनीचं तर तेच काम. तीच कल्पना दुकानांत विजेच्या तारेवर आली. तबकडीवर चोवीस तासांचे आकडे, कडेला सरकवता येणाऱ्या दोन खुंट्या, एक 'चालू'ची, एक 'बंद'ची. तबकडी फिरता फिरता खुंटी तरफेला लागली की आतला स्विच पडे. ही बापुडवाणी तबकडी फारशी न बदलता आपल्याकडच्या साइनबोर्डांमागे येऊन पोहोचली. फरक इतकाच, की चावीच्या जागी विजेवरची मोटर आली. ज्या टायमरला बॅटरीचा आधार नसतो तो वीज गेली की थांबतो, आणि आली की राहिला होता तिथून पुढे चालू लागतो. दोन-दोन, चार-चार तासांच्या लोडशेडिंगच्या काळात महाराष्ट्राने या घड्याळांची काय दैना केली असेल ती सांगायला नको. रात्री अकराला मालवायचा बोर्ड पहाटेपर्यंत जळतो आणि दोष मात्र रात्रीच्या पोऱ्यावर येतो.

घड्याळाने वेळ पाळली, तरी दुकानदाराची इच्छा बदलली नाही. ती बदलायला सरकार लागलं. 1939 च्या सप्टेंबरात युद्धापायी ब्रिटनमध्ये ब्लॅकआउट आला. अमेरिकेत कोळसा वाचवण्यासाठी 1 फेब्रुवारी 1945 पासून जाहिरातींचे आणि शोकेसचे दिवे बंद करायचा हुकूम निघाला आणि टाइम्स स्क्वेअर अंधारला. मे महिन्यात युरोपातलं युद्ध संपलं आणि दिवे परत लागले. नोव्हेंबर 1973 मध्ये तेलसंकटात ब्रिटनने पुन्हा जाहिरातींच्या दिव्यांवर बंदी घातली. त्याच महिन्यात अमेरिकेत अध्यक्ष निक्सन यांनी शोभेचे दिवे कमी करायला सांगितलं. ब्रिटनमध्ये धंद्यांना आठवड्यातले तीनच दिवस वीज वापरायची मुभा होती, त्या काळात लंडनची काही दुकानं मेणबत्त्या आणि कंदील लावून चालली. संकट सरलं, लखलखाट परतला.

1973 मधून टिकलं ते वेगळंच. अमेरिकेत 1975 नंतर इमारतींच्या नियमावल्या आल्या. चौरस फुटामागे किती वॅट दिवे लावायचे याला हद्द घातली गेली. त्या नियमावल्या वाचताना एक कलम हमखास नजरेत भरतं: दुकानांना मालावरच्या फोकस दिव्यांसाठी जादा वॅटची मुभा. म्हणजे नियम करणाऱ्यांनीही बिनपगारी विक्रेत्याला हात लावला नाही.

मंद करण्याची गोष्ट याच सुमाराची, पण तिची वाट वेगळी. वीज मंद करायची जुनी रीत म्हणजे मध्ये रोध घालणं. पूर्वी घरोघरी भिंतीवर पंख्याचा तो चौकोनी, गरम होणारा रेग्युलेटर असे, तसंच. पंखा हळू फिरे, पण वाचलेली वीज बरीचशी रेग्युलेटरच्या पोटात उष्णता होऊन जाई. 1959 साली न्यूयॉर्कच्या जोएल स्पायरा यांनी घरातल्या एका खोलीत खटपट करून इलेक्ट्रॉनिक डिमर बनवला आणि 1961 मध्ये ल्युट्रॉन कंपनी काढली. यात वीज अडवली जात नाही, तिच्या प्रत्येक लाटेचा थोडा भाग तोडला जातो. आपल्याकडच्या पुरवठ्यावर सेकंदाला शंभर वेळा. जे तोडलं ते मीटरवर चढत नाही. गॅसच्या तोटीला इतक्या वर्षांनी जोड मिळाली. पण विकताना बचतीचं कोणी बोललं नाही, खोलीत रोमान्स येईल असं सांगूनच तो विकला गेला. आणि दुकानांना त्याचा उपयोगही नव्हता, कारण 1938 मध्ये बाजारात आलेल्या ट्यूबलाइटने दुकानं तोवर काबीज केली होती. साध्या चोकवरची ट्यूब मंद होत नाही, नुसती लुकलुकते. तिच्यासाठी इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट रुळेपर्यंत थांबावं लागलं.

ट्यूबचा आणखी एक दोष आपल्या बायकांनी केव्हाच पकडला होता. लक्ष्मी रोडला किंवा दादरला साडी पसंत पडली की ती गादीवरून उचलून दारापाशी न्यायची, उन्हात धरायची आणि मगच 'द्या' म्हणायचं. आतला मोतिया दारात पिवळा निघतो. दुकानदारही काही म्हणत नाही. फक्त 'ताई, दिवसाउजेडी बघून घ्या' म्हणत स्वतःच पदर धरून उभा राहतो.

हाच दिवसाउजेड 1993 मध्ये कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावी वॉलमार्टने छपरातून आत घेतला. पर्यावरणाचा नमुना म्हणून बांधलेलं ते दुकान. खर्च हाताबाहेर जायला लागला म्हणून काचेचे झरोके अर्ध्याच छपरावर बसवले, आणि या काटकसरीने आपसूक एक प्रयोग घडला. झरोक्यांखालच्या विभागांत चौरस फुटामागे विक्री जास्त आहे, असं कंपनीला दिसलं. पुढे 1999 मध्ये कॅलिफोर्नियात लिसा हेशाँग यांच्या गटाने एका साखळीची जवळपास एकसारखी 108 दुकानं तपासली. त्यातल्या दोनतृतीयांश दुकानांना झरोके होते. बाकी कारणं वजा करून त्यांनी आकडा काढला: झरोक्यांच्या दुकानात 40 टक्के जास्त विक्री.

हा आकडा माझ्या गळी कधी पूर्ण उतरला नाही. उजेड कितीही चांगला असला तरी गल्ला दीडपट व्हायला आला, हे फारच झालं. गटालाही बहुधा तसंच वाटलं असावं, कारण 2003 मध्ये त्यांनी दुसऱ्या साखळीवर पुन्हा अभ्यास केला आणि या वेळी वाढ निघाली शून्य ते 6 टक्के. विरोधकांना हसायला पुरेसं होतं. पण त्याच अहवालातला दुसरा हिशेब मला जास्त बोलका वाटतो. इतक्या किरकोळ वाढीतून होणारा नफासुद्धा दिवे मालवून वाचलेल्या विजेच्या किमान 19 पट भरत होता. वीजबिलाच्या नावाने सेन्सर विकणाऱ्यांना दुकानदार दारात का उभं करत नव्हता, ते या एका आकड्यात कळतं.

झरोक्यांच्या मागोमाग छताखाली प्रकाश मोजणारे सेन्सर आले. ऊन वाढलं की दिवे उतरायचे, ढग आला की चढायचे. सुरुवातीला काही ठिकाणी दिव्यांच्या रांगाच्या रांगा एकदम बंद होत, तेव्हा गिऱ्हाईक मान वर करून बघे आणि वीज गेली असं समजे. हळूहळू, मिनिटभर घेऊन मंद केलेला दिवा मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. दुकानात बचत टिकली ती या पद्धतीने, गिऱ्हाइकाच्या नकळत. कॅलिफोर्नियाने तर 2005 च्या नियमावलीत मोठ्या, उंच छताच्या दुकानांना झरोके आणि ते सांभाळणारे सेन्सर बंधनकारकच केले.

गिऱ्हाइकाला कळूनही चाललं असं एकच ठिकाण मला माहीत आहे: आइस्क्रीमचं कपाट. 2006 मध्ये वॉलमार्टने पाचशेहून जास्त दुकानांतल्या थंड कपाटांत जीईचे एलईडी बसवायचं ठरवलं. ट्यूबला थंडी सोसत नाही, उजेड मंदावतो. एलईडीला थंडी मानवते आणि तो शंभरदा चालू-बंद केला तरी कुरकुरत नाही. शिवाय कपाटातला दिवा तापला की ती उष्णता बाहेर काढायला कॉम्प्रेसर पुन्हा वीज खातो, म्हणजे दिव्याची बचत दोनदा होते. सेन्सरमुळे समोर कोणी नसेल तर कपाट मंद राहतं आणि माणूस चालत येईल तसा एकेक दरवाजा उजळतो. पोरांना तो खेळच वाटतो.

युरोपात कायद्याचा हात मात्र सुटलेला नाही. फ्रान्समध्ये जुलै 2013 पासून शोकेसचे दिवे रात्री एकपर्यंत मालवावे लागतात. ऑगस्ट 2022 मध्ये गॅसटंचाईच्या धास्तीने स्पेनने दहाची वेळ ठरवली. आपल्याकडे 2007 मध्ये ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली आणि 2017 मध्ये सुधारली गेली. आपोआप बंद होणारे दिवे आणि शोभेच्या दिव्यांना वेगळं नियंत्रण हे तिच्यात आहे, पण ती साधारण 100 किलोवॅट जोडभाराच्या इमारतींपासून लागू होते. मॉल तिच्यात येतात, गल्लीतलं दुकान येत नाही. त्याच 2017 मध्ये महाराष्ट्राने दुकानं चोवीस तास उघडी ठेवायला वाट करून देणारा कायदाही केला.

मधल्या काळात एलईडीनेच सेन्सरच्या पोटावर पाय दिला. दिवाच इतकी कमी वीज खातो, की तो मंद करून वाचणाऱ्या रुपयांतून सेन्सरची किंमत निघायला वर्षं जातात. मग दिव्यांचं नियंत्रण दुसऱ्याच कामाला जुंपलं गेलं. 2015 मध्ये फ्रान्समधल्या लील शहरातल्या कारफूर दुकानात फिलिप्सने अडीच किलोमीटर लांबीचे एलईडी लावले. विजेचा खप निम्म्यावर आला, पण जाहिरात त्याची नव्हती. तिथला प्रत्येक दिवा डोळ्याला न दिसणाऱ्या वेगाने लुकलुकत आपला संकेत पाठवतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याला तो कळतो आणि तुम्ही कुठल्या मांडणीपुढे उभे आहात ते समजून तिथल्या सवलती फोनवर येतात.